गोधडी द्यायची ठरवलीत, तर आधी ती कोण धुणार ते विचारा

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही भजनी मंडळातल्या आठ-नऊ जणी आहोत. प्रत्येकीच्या घरी जुन्या साड्यांनी पेट्या भरल्या आहेत. यंदा थंडीच्या आत पन्नास गोधड्या शिवून सातपुड्यातल्या एखाद्या आश्रमशाळेला द्याव्या असं मनात आहे. सुरुवात कुठून करावी? कापूस भरावा का? आणि दिलेल्या गोधड्या खरंच वापरल्या जातील ना?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी अमळनेरची. आमच्या ओट्यावर दर उन्हाळ्यात गोधड्या शिवायला बसतो, त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी एकवीस केल्या होत्या. द्यायचं तर हात आखडायचा नाही, म्हणून एकेकीत आठ-आठ थर घातले. वरून खालून जाड चादरी. दोघांच्या अंगावर येईल एवढी रुंदी. डिसेंबरात एका आश्रमशाळेत नेऊन दिल्या, मुलींनी तिथेच पांघरून घेतल्या, आमचे डोळे भरून आले. पुढच्या आषाढात दुसऱ्याच कामाने त्या बाजूला गेले, म्हणून शाळेत डोकावले. कोठीच्या खोलीत आमच्या गोधड्यांची थप्पी. हात लावला तर ओलसर, कुबट वास, खालच्या दोन-तीनांना काळे ठिपके पडलेले. अधीक्षिका बिचारी खजील झाली. म्हणाली, "मावशी, पोरींनी एकदा धुतल्या हो. चार दिवस वाळल्या नाहीत. मग पाऊसच लागला."

तिसरी-चौथीतली मुलगी ती गोधडी पिळणार कशी? दोन मोठ्या बायांनी दोन टोकं धरून पिळावी अशी ती होती. वाळत घालायला तारा होत्या त्या शाळेच्या गणवेशापुरत्या. चूक आमची होती. आम्ही साड्यांपासून सुरुवात केली होती: घरात किती आहेत, त्यात किती गोधड्या होतील. जिच्या अंगावर ती जाणार, तिला काही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून कात्री हातात घ्यायच्या आधी आम्ही जागा बघून येतो. कोण पांघरणार, एकटं की दोघं मिळून, खाली फरशी की खाट, धुणार कोण, पाणी कुठून येतं, वाळत कुठे घालणार. हे कळलं की गोधडी किती लांब, किती रुंद, किती थरांची हे आपोआप ठरतं.

आता पन्नासच्या आकड्याबद्दल. ताई, पहिल्या वर्षी पन्नास नको. हिशेब करून सांगते. पाचवारी साडी साडेपाच मीटरची धरली तर ती अठरा फूट होते. तिची लांबीत तिघडी घातली की सहा फूट लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी, म्हणजे पावणेचार फूट रुंद अशी पट्टी तयार होते. एका साडीचे तीन थर. दोन साड्या म्हणजे सहा थरांची, एका मुलाला पुरेल अशी गोधडी, आणि कापायची गरजही नाही. आता तिच्यावर बोटभर अंतराने धावदोरा घातला तर रुंदीत साठेक ओळी बसतात. साठ ओळी, प्रत्येक सहा फुटांची, म्हणजे ३६० फूट. ११० मीटर शिवण झाली. टाक्यांची चढउतार आणि गाठी धरून सव्वाशे मीटर दोरा. सरावलेला हात एक ओळ बारा-पंधरा मिनिटांत नेतो. तुमच्यातल्या निम्म्या जणींनी आयुष्यात गोधडी शिवली नसेल, त्यांना दुप्पट वेळ लागणार. एका गोधडीला पंचवीस ते तीस तास धरा. आठ जणी, रोज दुपारी दोन तास, महिनाभर. त्यात लग्नं, आजारपणं, पाहुणे. बारा गोधड्या झाल्या तरी मी तुमचं कौतुक करीन.

आणि बाराच होणार असतील तर आश्रमशाळा नको. तिथे शेकड्यांनी मुलं असतात. चाळीस मुलींच्या खोलीत बारा गोधड्या गेल्या की अठ्ठावीस जणी बघत बसतात, किंवा एका गोधडीत तिघी झोपतात. तिघी झोपल्या की खरूज आलीच. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून सुटला की दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. पण रोज रात्री तेच पांघरूण दोघी-तिघींच्या अंगावर जात असेल तर त्याला मरायला वेळ मिळतोच कुठे? म्हणून आमचा नियम पक्का आहे: डोकी मोजायची, आणि जेवढी डोकी तेवढ्या गोधड्या तयार असतील तरच त्या दारात जायचं. बारा गोधड्या आहेत ना, मग बारा घरांचा पाडा शोधा. बारा खाटांचा बाळंतिणींचा वॉर्ड शोधा. बारा म्हाताऱ्यांचा आश्रम शोधा. आश्रमशाळेचा विचार तिसऱ्या-चौथ्या वर्षी, तोही एका इयत्तेपुरता. त्या वेळी शाळा शासकीय असेल तर मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या. वरचं कार्यालय म्हणजे आदिवासी विकास प्रकल्पाचं. आपल्याकडे ती यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याला आहेत. पण रोजचं खरं उत्तर अधीक्षक किंवा अधीक्षिकेकडे असतं, कारण मुलं झोपतात ती त्यांच्या नजरेखाली.

कापडाकडे वळू. पेटीतल्या सगळ्या साड्या चालत नाहीत, हे मंडळात पहिल्या दिवशीच सांगून टाका, नाहीतर नंतर मनं दुखावतात. आजकाल दहा साड्यांत सात सिंथेटिक निघतात. ओळखायचं सोपं आहे. काठाचा एक दोरा काढा, चिमट्यात धरून काडी लावा. भुरूभुरू जळाला, कागद जळाल्यासारखा वास आला आणि बोटात राख चुरगळली तर ते सूत. आकसत गेला आणि टोकाला काळा कडक मणी धरला तर पॉलिस्टर. राखेत कडक कण लागले तर मिसळ. सूत तेवढं ठेवा. यात मी थोडी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. सातपुड्याच्या पाड्यांत लोक थंडीत शेगडीजवळ, चुलीजवळ झोपतात. ठिणगी सुतावरही पडते आणि सूतही जळतं, पण ते कातडीला चिकटत नाही. पॉलिस्टर वितळून चिकटतं. एवढं एकच कारण मला पुरतं. शिवाय त्याचे थर एकमेकांवरून सरकतात आणि अंगाचा घामही टिपत नाहीत.

सुती साडी मिळाली की फॉल-बिडिंग उसवा. जरीचे काठ कापून टाका. जर टोचते आणि घासून शेजारच्या दोऱ्याला कापते. साडीला खळ असेल तर ती दोन पाण्यांतून काढा, कारण खळीला कसर लागते. मग एकदा उकळत्या पाण्यातून काढून धाब्यावर पसरा. आपलं एप्रिल-मेचं ऊन, बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं, याला जगात तोड नाही. एका दुपारीत कापड खडखडीत वाळतं. रंग जातो का ते बघायला पांढरं ओलं फडकं साडीवर चोळा. फडक्यावर रंग उतरला तर ती साडी आतल्या थराला.

जीव किती उरलाय ते बघायला कापड उजेडासमोर धरा. जाळी दिसली तर ते फार झिजलंय. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून ताणा. 'चर्र' असा आवाज आला तर आत घाला, वर नको. पेटीत वर्षानुवर्षं घडी पडलेली साडी नेमकी घडीवर फाटते, ती रेघ अंगठ्याने चाचपून बघा.

लोक इथे मला हमखास विचारतात, की जुनं कापड देणं बरोबर का? अमेरिकेत प्रोजेक्ट लायनस नावाची संस्था १९९५ पासून आजारी आणि संकटातल्या मुलांना हाताने केलेली पांघरुणं देते. तिची अट अशी की पांघरूण नवं हवं आणि धुता येईल असं हवं. मला ती अट समजते. दुसऱ्याच्या मुलाला उरलंसुरलं देऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. पण आपली गोधडी जन्मालाच जुन्या कापडातून येते. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा कोऱ्या कापडाला येत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. लेकीच्या बाळंतपणाला त्या कोरी चादर काढत नसत, मऊ गोधडी काढत. म्हणून आम्ही मधला मार्ग धरला आहे. आतले थर जुने, मऊ. वरचा आणि खालचा थर मात्र असा, की घरी व्याही मुक्कामाला आले तर त्यांच्या अंगावर घालायला आपला हात अडखळणार नाही. अडखळला तर ती गोधडी देऊ नका. ठिगळ चालतं, सुंदर दिसतं. भोक चालत नाही, डाग चालत नाही.

एक गोष्ट जपून करा. गेलेल्या माणसाचं कापड. देणाऱ्याला वाटतं आईची साडी सत्कारणी लागेल. घेणाऱ्याच्या घरी ती अंगावर घेणं चालत नसेल तर तो तोंडावर बोलणार नाही, पण वापरणारही नाही. एका बाईंनी त्यांच्या आईची दोन नऊवारी लुगडी आणून दिली होती. आम्ही त्यांच्याच हातून त्यांच्या नातीसाठी गोधडी शिवून घेतली. ती झाल्यावर त्या म्हणाल्या, आता लोकांसाठी बसते. त्या आजही आमच्यात बसतात.

तुमचा कापसाचा प्रश्न. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, जिनिंगमधून रुई घरात यायची आणि पिंजारी दारात येऊन ती पिंजून द्यायचा, त्यामुळे पांघरूण म्हटलं की दुलई, रजई आठवते. घरासाठी जरूर करा. दानासाठी नको. रुई धुतली की तिचे गोळे होतात, गोळ्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि तिथूनच थंडी शिरते. दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते, ते ज्याला दिली त्याला कुठून जमणार? शिंप्याकडच्या चिंध्या भरू नका, त्या टोचतात. फोम नको. नुसते सुती थर घाला.

थर किती, तर वसतिगृहातल्या मुलाला पाच-सहा. आमच्या काट्यावर अशी गोधडी सुकी सव्वा किलोच्या आसपास भरते आणि भिजवून निथळली की तीन किलोच्या वर जाते. सातवी-आठवीतली मुलगी ती कशीबशी पिळू शकते. तोरणमाळसारख्या उंचावर, हजार मीटरच्या वरच्या गावांना जास्त ऊब लागते. तिथे आठ थरांची एक देऊ नका, चार-चार थरांच्या दोन द्या. दोन पांघरुणांच्या मध्ये हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते, म्हणून दोन पातळ गोधड्या एका जाडीपेक्षा उबदार लागतात. आणि एक धुवायला टाकली तर त्या रात्री दुसरी अंगावर असते. ही साधी गोष्ट कळायला आम्हाला पाच-सहा वर्षं लागली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नऊवारी मिळाली तर सोनं समजा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. तिची चौघडी घातली की पावणेसात फूट लांबीचे चार थर मिळतात. शिवताना गोधडी दोन-तीन इंच आखडते, तरी उंच माणसाचे पाय उघडे पडत नाहीत.

शिवायला बसायची रीत तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना माझ्याहून चांगली येत असेल, त्यांना मध्ये बसवा. मी फक्त जिथे नवीन हात चुकतात ते सांगते. जमीन झाडून, पुसून, पूर्ण वाळवून घ्या. खालचा थर आधी पसरा आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. आम्ही वरवंटे ठेवतो. प्रत्येक थर पसरला की मधून बाहेरच्या बाजूला तळहाताने सारखा करायचा, एकही चुणी ठेवायची नाही. सगळे थर झाले की वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घालून गोधडी बांधून घ्या. हे बांधणं लोक टाळतात आणि तिथेच काम बिघडतं. वरचा थर छान दिसतो, उलटून बघितलं तर खाली झोळ. झोळ आलेली गोधडी धुताना तिथूनच फाटते.

दोघी एका गोधडीवर बसणार असाल तर दोघींनी मधल्या ओळीपासून सुरू करून आपापल्या कडेला जायचं. दोन कडांकडून सुरू करून मध्ये भेटलात तर सगळा फुगवटा मध्ये साठतो आणि तो कुठेच मुरवता येत नाही. एकीचा हात घट्ट, एकीचा सैल असं असतंच. जोड्या लावताना सारख्या हाताच्या दोघी बसवा.

दोरा सुतीच घ्या, जाड. नायलॉनचा दोरा मजबूत असतो, पण जुन्या मऊ कापडाला तो करवतीसारखा कापतो. वर्षभरात दोरा शाबूत आणि कापड तुटलेलं. दोरा हातभराच्या दुपटीहून लांब घेऊ नका, गुंततो. मेणबत्तीवरून एकदा ओढला की सरळ चालतो. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये ओढून लपवायची. वर राहिलेली गाठ पहिल्या दोन धुण्यांत सुटते, आणि लहान पोरं तिच्याशी खेळून ती सोडवतातही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असला तर उत्तम, गव्हाच्या दाण्याएवढा चालेल. त्याहून लांब टाक्यात पायाचं बोट अडकतं. कडेला गोट लावा आणि गोटाला दुहेरी शिवण घाला, कारण गोधडी कोपऱ्याला धरून ओढली जाते, मधून कोणी धरत नाही.

मशीनवर शिवावी का, असंही तुमच्यातली कोणी विचारेल. गोट मशीनवर लावा, काही हरकत नाही. मधल्या ओळी हातानेच घाला. मशीनची शिवण सहा थरांतून दाबून जाते, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताच्या धावदोऱ्याने थरांमध्ये थोडी पोकळी राहते. ऊब आणि मऊपणा त्या पोकळीतच असतो.

गोधडी पूर्ण झाली की एकदा धुवा. द्यायच्या आधी, तुमच्या घरी, तुमच्या हातांनी. जिने शिवली तिनेच धुवायची, असा आमच्याकडे दंडक आहे. पिळताना मनगट दुखलं तर पुढच्या गोधडीत एक थर कमी. मग वर सांगितलं तसं ऊन द्या.

धुतलेली गोधडी ठेवताना डांबराच्या गोळ्या घालू नका. विशेषतः बाळांसाठीच्या कपड्यांत तर अजिबात नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅप्थलीनच्या गोळ्यांच्या नुसत्या वासाने, त्यात ठेवलेल्या कापडाने रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळाला तो दोष आहे हे आपल्याला कळत नसतं. कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला.

बाळांचं आलंच आहे तर तेही. बाळंतिणींच्या वॉर्डासाठी काही करणार असाल तर तीन फूट चौरस, दोन किंवा तीन थर, बस. त्याला लेस, बटण, घुंगरू, गोंडा काही लावायचं नाही. बाळ ते तोंडात घालतं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघडं, कातडीला कातडी लावून ठेवतात आणि दोघांच्या वरून पांघरूण घालतात. त्यासाठी आईच्या अंगाची हलकी गोधडी जास्त कामाची. आणि देताना आईला एक सांगा, की बाळ झोपलं असताना गोधडी तोंडावर येता कामा नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाजवळ जाड गोधडी मोकळी सोडून ठेवू नये. आपल्याकडे मायेने डोक्यापर्यंत गुंडाळतात. ही एक माया आवरायला हवी. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मात्र बाहेरचं कापड घेत नाहीत, तिथे सिस्टरना विचारल्याशिवाय काही नेऊ नका.

नंदुरबार, धुळ्याकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. अंगाला थंडी लागणं हे त्यांना असह्य कळा सुरू होण्याचं एक ठरलेलं कारण आहे. पाड्यावर चौकशी करताना आशाताईला हळूच विचारा, अशी घरं कोणती. नावं पुकारू नका, यादी वाचू नका. त्या घरी दोन गोधड्या जाऊ द्या आणि कोणाला कारण सांगू नका.

म्हाताऱ्या माणसांसाठी वजन हाच मुख्य प्रश्न. गुडघे दुखतात, कूस बदलताना जड पांघरूण ढकलवत नाही. चार थर, आणि वर काढता-घालता येईल अशी बंदांची खोळ. खोळ रोज धुता येते, गोधडी महिन्यातून एकदा. सोबत दोन-तीन लहान चौकोनी दुपटी शिवून द्या, खाली घालायला. ती कोणी मागत नाही, लाज वाटते मागायला. तुम्ही न मागता द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी सगळंच वेगळं. आपल्याकडून, विशेषतः नंदुरबार-धुळ्याकडून, कितीतरी कुटुंबं गुजरातच्या कारखान्यांकडे तोडीला जातात. वावराच्या कडेला कोपी टाकून दव पडलेल्या जमिनीवर झोपतात. त्यांना पांघरायच्या आधी अंथरायला हवं असतं. त्यांच्यासाठी मात्र जाड, गडद रंगाची, मळखाऊ गोधडी करा, कारण पाणी कमी आणि ऊन मुबलक असतं. पण ती दसऱ्याच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे. दिवाळीनंतर दार ठोठावलंत तर घराला कुलूप.

यावरून वर्षाचा हिशेब. तुम्ही लिहिलंय 'थंडीच्या आत', पण गावच्या बाईला दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणी असते, तिला सुई धरायला उसंत नाही. आषाढ-श्रावणात निंदणी, आणि हवा दमट, कापड आंबतं. आपल्या हातात आहे तो होळीपासून मृगापर्यंतचा काळ. आम्ही साड्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोळा करतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घरोघर मांडे चाललेले असतात. माहेरी आलेल्या लेकी स्वतःच्या आणि आईच्या पेट्या उघडून निवडून देतात. त्या दोन-तीन दिवसांत जेवढ्या साड्या येतात तेवढ्या वर्षभरात येत नाहीत. आणि त्या लेकी दुपारी ओट्यावर बसतात, चार ओळी घालून जातात. गाणी म्हणतात. काही गोधड्यांत मला अजून कळतं, ही ओळ कोणाच्या लेकीची.

तुमच्यात कोणी गरजू, पोटासाठी झटणारी बाई चांगली शिवणारी असेल तर तिला मजुरी द्या. दान करायची हौस आपली, तिची दुपार फुकट घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. पैशांबद्दल एवढंच सांगते.

द्यायला जाल तेव्हा मोठा कार्यक्रम करू नका. हार नको, भाषण नको, गोधडीवर 'यांच्याकडून सप्रेम' असं भरतकाम नको. त्या मुलाने आयुष्यभर रात्री आपलं नाव का पांघरावं? फोटोही काढू नका. थंडीने कुडकुडणाऱ्या पोराच्या हातात गोधडी देऊन त्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावणं मला सहन होत नाही, आणि हे मी आमच्या मंडळातही भांडून बंद केलं आहे. हिशेबासाठी मुख्याध्यापकांची सही असलेली पोच पुरते.

त्याऐवजी कोपऱ्यावर खूण भरा. लहान मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने एक खूण घालतो: मासा, बाण, केळीचं पान, चांदणी, बैलाचं शिंग. एकसारख्या दोन नाहीत. गोधड्या जमिनीवर पसरून ठेवायच्या आणि मुलांना आपापली निवडू द्यायची. जी मुलाने निवडली ती तो जपतो, ती दुसऱ्याच्या अंगावर जात नाही, आणि धुऊन वाळल्यावर कोणती कोणाची यावर भांडण होत नाही. एका पाड्यावर एक म्हातारी सगळ्यांच्या मागे उभी राहिली होती. तिच्या वाट्याला मोराची खूण आली. तिने ती उलटसुलट करून बघितली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि आमच्यातल्या एकीला विचारलं, "हाई मन्ही शे का? परत देवाना नही ना?" तिला पूर्वी कुठेतरी दिलेलं पांघरूण परत मागून घेतलं होतं. तेव्हापासून आम्ही देतानाच स्पष्ट सांगतो, ही तुमची, घरी न्या, हवी तर लेकीला द्या.

जानेवारीच्या मध्यावर परत जा. रिकाम्या हातांनी, फक्त सुया, दोरा आणि थोडी कापडं घेऊन. कुठे गोट सुटलेला असेल, कुठे शेगडीची ठिणगी पडून भोक पडलेलं असेल, ते तिथेच बसून शिवून द्या. मोठ्या मुली शेजारी येऊन बसतील, त्यांच्या हातात सुई द्या. कोणत्या गोधड्या मळल्या आहेत आणि कोणत्या कोऱ्याच राहिल्या आहेत ते नीट बघा. मळलेली म्हणजे वापरातली. कोरी राहिली असेल तर का राहिली ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा, पुढच्या आखाजीला कापड निवडताना ती वही उघडा.

तुमच्या आठ जणींपैकी दोघी या आठवड्यात एखादा पाडा किंवा वॉर्ड बघून या. किती डोकी, पाणी कुठून, वाळवायला जागा किती, एवढं मला कळवा. थर आणि माप मी तुम्हाला सांगते. दोरा तोवर विकत घेऊ नका.